गर्दीतल्या बाईची हजेरी



गेल्या थंडीत आमच्या प्रभागातल्या एका बचत गटाची बैठक भरलीच नाही. मी दुपारी २ वाजता पोचले, तर समाजमंदिराच्या ओट्यावर सचिव एकटीच बसलेली. पुढ्यात पेटी, रजिस्टर आणि शाईचं पॅड. "बाकीच्या कुठं आहेत?" म्हटलं, तर म्हणाली, "ताई, शूटिंगला गेल्यात."

१२ जणींच्या गटातल्या ९ जणी गेल्या होत्या. शेजारच्या गावात एका हिंदी मालिकेचं शूटिंग लागलं होतं. जत्रेचा देखावा होता, त्याला गर्दी पाहिजे होती. शूटिंगवाले तिला ‘मॉब’ म्हणतात. रोजचे ५०० रुपये, नाष्टा, जेवण, टेम्पोने नेणार आणि आणून सोडणार. खुरपणीला त्या वेळी आमच्याकडे ३०० मिळत होते. मग बैठकीला कोण बसतंय? सचिवाने मात्र नियमाप्रमाणे रजिस्टरात ९ नावं लिहिली, पुढं शेरा मारला ‘शूटिंगला गेल्यामुळे गैरहजर’, आणि प्रत्येकीला १० रुपये दंड लावला. हे रजिस्टर ध्यानात ठेवा. पुढं त्याचं काम पडणार आहे.

मला आधी रागच आला. पण रागापेक्षा कुतूहल जास्त होतं, खोटं कशाला बोलू! दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता मीच त्यांच्याबरोबर टेम्पोत चढले.

तिथं पोचल्यावर पहिल्यांदा आमचे पदर बदलले. गोष्ट बिहारमधली, म्हणून पदर उजव्या खांद्यावरून पुढं घ्यायचा आणि डोक्यावरून ओढायचा. आमच्यातल्या दोघी म्हाताऱ्या नऊवारीत होत्या, त्यांना सहावारी नेसायला दिली. कासोटा सुटल्यावर त्यांना चालताच येईना. मग एका जागी बसवून पुढ्यात बांगड्यांची पाटी ठेवली. बाकीच्यांनी लिंबाच्या झाडापासून विहिरीपर्यंत चालायचं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, पण हसत बोलत चालायचं, आवाज मात्र काढायचा नाही. मी मोजलं, आम्ही तो रस्ता २३ वेळा चाललो. बाकीचा दिवस बसून. ऊन फिरलं की सरकायचं आणि पुन्हा बसायचं. आमच्यासाठी संडास नव्हता, उसात जायचं. आणि जाताना नेसलेली साडी दुसऱ्या दिवशी तीच पाहिजे, धुवायची पण नाही, कारण देखावा पुढं चालू राहणार. त्याला ते ‘कंटिन्युटी’ म्हणतात.

कागदावर सही कुणाचीच घेतली नाही. बायका पुरवणाऱ्या माणसाने फोनमध्ये एकीचा नंबर टिपला, बस्स. गंमत बघा, त्या माणसालाही को-ऑर्डिनेटर म्हणतात आणि मलाही. माझ्या ओळखपत्रावर तसंच छापलंय.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. राजे, तह, लढाया सगळं पाठ केलं. सिनेमाचाही इतिहास थोडा वाचलेला. पण पडद्यावर मागं जी बाई उभी असते, घागर घेऊन जाते, देवळाच्या पायरीवर बसते, तिचा इतिहास काय? ती कधी आली, तिला कोणी आणलं, तिला काय मिळालं? तेव्हापासून जमेल तसं वाचत गेले, आणि त्यातलंच आज तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात आपल्याच माणसापासून होते. दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढं आला. त्या सिनेमात तारामती आहे, तिच्या सख्या आहेत, पाण्यात खेळण्याचं दृश्यही आहे. पण त्यात बाई एकही नाही! फाळक्यांनी बायका मिळवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, जाहिराती दिल्या. कोणी येईना. कलावंतिणींच्या वस्तीतही विचारून झालं, तिथंही जमलं नाही. सिनेमात तोंड दाखवणं हे त्यांनाही कमीपणाचं वाटलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा साळुंके नावाचा नाजूक हातांचा पोरगा त्यांनी पाहिला आणि त्याला तारामती केलं. सख्यासुद्धा साड्या नेसलेले पुरुषच. त्यांच्या मिशा काढायच्या म्हणजे मोठी पंचाईत झाली होती म्हणतात, कारण बाप गेल्याशिवाय मिशी कशी काढायची?

म्हणजे आपल्या देशाच्या पडद्यावरची बायकांची पहिली गर्दी मिशा काढलेल्या पुरुषांची होती. आज ऐकायला मजा वाटते. पण मला यात दुसरीच गोष्ट दिसली. बाई पडद्यावर नव्हती, म्हणून ती त्या कामात नव्हती असं नाही. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरात ६०-७० माणसांचा रोजचा स्वयंपाक करत होत्या, कारण सगळी मंडळी त्यांच्याच दादरच्या घरी राहायला होती. शिवाय फिल्मच्या पट्टीला रात्री बसून भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, चित्रण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं म्हणजे उजेड नटाच्या तोंडावर पडतो. दागिने गहाण पडले तेही त्यांचेच. तारामतीचं काम तूच कर, असं फाळके त्यांना म्हणाले होते. त्यांनी उलट विचारलं, मी तिकडं उभी राहिले तर ही बाकीची कामं कोण करणार?

हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकीच्या ओळखीचा आहे.

पुढच्याच सिनेमात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, बायका पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई. दोघी मायलेकी नाटकात काम करून पोट भरणाऱ्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या, कमलाबाई मोहिनी. त्यांना नावं ठेवणारे खूप होते, पण पोरीला घेऊन एकटीने संसार ओढणाऱ्या बाईला नावं ठेवणाऱ्यांनी भाकरी दिली नव्हती, एवढं खरं.

मग आपल्या शेजारचं कोल्हापूर. तिथं बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आणला. त्यातली बायकांची कामं बायकांनीच केली होती. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात कंपनी सुरू केली, आणि १९३३ साली ती पुण्याला हलवली. दुर्गाबाई खोटे यांनी १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामतीचं काम केलं, तेव्हा ‘चांगल्या घरची बाई सिनेमात’ म्हणून केवढा गवगवा झाला. ‘चांगल्या घरची’ हा शब्द मला कायम खटकतो. तारामतीच्या मागं ज्या दासी उभ्या होत्या त्या काय वाईट घरच्या होत्या? पण त्यांच्याबद्दल गवगवा झाला नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

प्रभातची एक गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे. तिथं सगळे पगारी होते. नट-नट्या असोत, सुतार असोत, रंगारी असोत, महिन्याच्या महिन्याला पगार. गिरणीसारखी शिस्त. वेळेवर यायचं, काम असो नसो, हजर राहायचं. आणि हजर राहिलं म्हणजे पगार चालू. चित्रण नसेल त्या दिवशी बसून राहिलं, तरी ते बसणं कामातच धरलं जायचं.

या प्रभातमध्येच गौरी नावाची एक बाई होती. ती तिथं झाडलोटीच्या कामाला लागली, मग गर्दीत उभी राहायला लागली, असं सिनेमाचे जाणकार लिहितात. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ काढला, तेव्हा तुकारामांची बायको जिजाई म्हणून त्यांनी या गौरीला उभं केलं. तुम्ही हा सिनेमा पाहिला नसेल तर गटाच्या बैठकीत मोबाइलवर लावून बघा. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस तर थोरच, पण डोळा जिजाईवरून हटत नाही. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा देवाच्या नादात. ती पायातलं पायताण हातात घेऊन थेट देवळात जाते, विठोबाला जाब विचारायला. आणि शेवटी नवरा वैकुंठाला निघतो तेव्हा ती मागं राहते, पोराबाळांजवळ, चुलीजवळ. ती कुठंही नटीसारखी वाटत नाही. आपल्या गल्लीतली बाई वाटते. हा सिनेमा मुंबईत ५७ आठवडे चालला, पुढच्या वर्षी इटलीत व्हेनिसला गाजला. परदेशातल्या लोकांनी जी बाई पाहून टाळ्या वाजवल्या, ती झाडू हातात घेऊन त्या आवारात शिरली होती.

गौरीची गोष्ट मी आमच्या बायकांना सांगितली तेव्हा एकीचे डोळे चमकले. मला जरा धास्तीच वाटली. कारण गौरीसारखी एखादीच. तिच्याबरोबर गर्दीत उभ्या असणाऱ्या बाकीच्या जिजाई झाल्या नाहीत. पण त्यांचाही पगार महिन्याला होत होता, आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

दुसरं महायुद्ध आलं आणि ही पगारी व्यवस्था मोडत गेली. युद्धात काळा पैसा झाला, तो सिनेमात आला. नवे नवे निर्माते उभे राहिले. त्यांच्याकडे ना स्वतःचा स्टुडिओ, ना पगारी माणसं. मोठ्या नटाला एका सिनेमाचे एकरकमी पैसे द्यायचे आणि बाकीचं सगळं रोजंदारीवर भागवायचं. जुन्या कंपन्यांना ते झेपेना. प्रभातही बंद पडली. तिच्या जागेत १९६० पासून सरकारची फिल्म शिकवणारी संस्था आहे.

गर्दीतली बाई इथं रोजंदारीवर आली. निर्माता म्हणणार, उद्या १०० बायका पाहिजेत, लग्नाच्या वरातीला. मग त्या आणणार कोण? पुरवठादार. मुंबईत त्याला ‘एक्स्ट्रा सप्लायर’ म्हणायचे. माझ्या ऐकणाऱ्यांमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आहेत, त्यांना हे सांगायला नकोच. मुकादम. कारखान्याला तोड दिसते, तोडणारी दिसत नाही. कारखाना आणि बाई यांच्यामध्ये मुकादम उभा असतो, पैसा त्याच्या हातातून खाली येतो, आणि खाली येईपर्यंत तो पातळ होतो. सिनेमातही तसंच झालं. आणि शब्द बघा ना, ‘एक्स्ट्रा’. म्हणजे जादाची, वरकड. भाजीवर टाकलेल्या कोथिंबिरीच्या काडीसारखी.

या बायकांमध्ये पुन्हा प्रती पाडलेल्या. गोरी, उंच, इंग्रजी कपडे असलेली पोरगी हॉटेलच्या आणि पार्टीच्या दृश्याला. तिचा दर जास्त. काळीसावळी, बारीक, वयाची बाई बाजाराला, मोर्चाला, झोपडपट्टीच्या दृश्याला. तिचा दर कमी. दोघींचे तास सारखेच. आपल्या रंगाचा भाव असा उघड उघड करणारा धंदा माझ्या तरी माहितीत दुसरा नाही. हो, लग्नाचा बाजार सोडून.

मग संघटना झाल्या. मुंबईत सिनेमातल्या वेगवेगळ्या कामगारांच्या संघटनांचा महासंघ १९५६ साली उभा राहिला. गर्दीत काम करणाऱ्या बायकांची स्वतःची वेगळी संघटना आहे, महिला कलाकार संघ. कार्ड काढायचं, वर्गणी भरायची, मग दर ठरलेला, शिफ्टचे तास ठरलेले, जास्त वेळ थांबवलं तर जास्तीचे पैसे. ‘एक्स्ट्रा’ हा शब्दही मागं पडला आणि ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ म्हणायला लागले. नाव बदलून पोट भरत नाही हे मला मान्य आहे. पण ज्याला नाव नाही त्याचा दरही ठरत नाही. आपल्या गटांना तरी नाव कशाला द्यायला लावतात बँकवाले?

संघटनांमध्येही सगळं गोड होतं असं समजू नका. सिनेमातल्या मेकअपवाल्यांच्या संघटनेने कित्येक वर्षं बायकांना मेकअपचं काम करूच दिलं नाही. केस विंचरा, पण तोंडाला रंग लावायचा पुरुषांनी. अखेर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की असा मज्जाव चालणार नाही.

आता १९८१ सालाकडे येऊ, कारण त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत राजपथावर ‘गांधी’ या सिनेमासाठी गांधीजींच्या अंत्ययात्रेचं चित्रण झालं. १९४८ साली खरी अंत्ययात्रा निघाली त्याला त्याच दिवशी ३३ वर्षं झाली होती. सुमारे ३ लाख माणसं जमली. एका दृश्यासाठी एवढी गर्दी जगात कुणी जमवलेली नव्हती. काहींना थोडेफार पैसे देऊन आणलं होतं, पण त्याहून कितीतरी जास्त लोक जाहिरात वाचून, ऐकून, आपण होऊन आले. बापूंच्या यात्रेला जायचं म्हणून आले. ११ ठिकाणांहून चित्रण झालं आणि सिनेमात ते राहिलं दोन मिनिटांच्या आसपास. त्या सिनेमाच्या कपड्यांसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर मिळालं. भारतातल्या कुणालाही मिळालेलं ते पहिलं ऑस्कर.

त्या गर्दीबद्दल मी पुष्कळ विचार केला. जी बाई श्रद्धेने गेली तिने पैसे मागावेत असं माझं म्हणणं नाही. पंढरीच्या वाटेवर आपण रोज लावत नाही. पण श्रद्धेने आलेली, हौसेने आलेली आणि पोटासाठी आलेली अशा तिघी पडद्यावर सारख्याच दिसतात, आणि पोटासाठी आलेलीला मग सहज म्हणता येतं, ‘बाकीच्या तर फुकट आल्यात.’ आमच्या बायकांनाही हेच ऐकवलं गेलं. "तुम्हाला हिरोईन बघायला मिळाली ना?"

आणि त्याच १९८१ साली संसदेत सिनेमातल्या कामगारांसाठी कायदे झाले. त्यातला एक साधा होता. चित्रपटात काम करणाऱ्या माणसाशी लेखी करार केल्याशिवाय त्याला कामाला लावायचं नाही, मग तो निर्मात्याने थेट आणलेला असो की ठेकेदारामार्फत. दुसऱ्या कायद्याने कल्याण निधी झाला. पण हा कायदा चित्रपटासाठी होता. मालिका घरोघर पोचल्या त्या नंतर. २०२० साली ज्या नव्या श्रमसंहिता आल्या, त्यात ‘दृक्‌श्राव्य कामगार’ असा शब्द आहे, आणि त्यात मालिका, वेबवरचे कार्यक्रम, जाहिराती हे सगळं येतं. तिथंही लेखी कराराची गोष्ट आहेच. कायदा दिल्लीत आहे, आणि आम्ही लिंबाच्या झाडाखाली.

माझं माहेर वाई तालुक्यातलं. आमच्याकडे शूटिंग नवीन नाही. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचं देऊळ, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, सगळं मुंबईपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. प्रकाश झा यांनी ‘मृत्युदंड’ तिथंच केला, ‘गंगाजल’ही तिथंच. गोष्ट बिहारची, गाव वाईचं. ‘स्वदेस’मधलं उत्तरेकडचं गाव म्हणजे आमची मेणवली. सिनेमे बघणाऱ्यांना वाटतं आपण बिहार, उत्तर प्रदेश बघतोय, आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायका असतात कृष्णाकाठच्या. बोलायला लावत नाहीत म्हणून बरं, नाहीतर ‘काय गं बाई’ निघायचंच तोंडातून.

माझी आई एकदा अशीच एका देवळाच्या दृश्यात बसली होती. मी शाळेत होते. तिला काही पैसे आणि एक डबा मिळाला, तो डबा तिने आमच्यासाठी घरी आणला. पुढं कधीतरी तो सिनेमा टीव्हीवर लागला. सगळी आळी आमच्या घरात. दृश्य आलं आणि गेलं. आई म्हणाली, "ती काय, खांबामागची." आम्हाला खांब दिसला, आई दिसली नाही. वडील पुष्कळ दिवस तिला ‘खांबामागची’ म्हणून चिडवायचे. ती हसायची. पण त्या दिवसाला तिने कधी काम म्हटलं नाही. ‘मी शूटिंग बघायला गेलेले’ असंच म्हणायची. ६ तास उन्हात बसून, हात जोडून, तीच आरती पुन्हा पुन्हा म्हणून, पैसे घेऊन आलेली बाई म्हणते, बघायला गेले होते.

आणि आपल्याकडे हजेरीची अक्कल नाही असंही नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया, सासवा, आज्या खडी फोडायला गेल्या, नालाबांध घातले. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. त्या कामावर सही-अंगठा होता, मस्टर होतं. बाईचं नाव मस्टरवर लागलं की ती मजूर झाली. आणि त्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती: काम मागूनही दिलं नाही तर बेकारी भत्ता. म्हणजे तयार असून बसायला लागलं, तर त्या बसण्याचंही काहीतरी देणं लागतं. आज्यांना हे समजत होतं. आम्ही बी.ए. होऊन टेम्पोत विसरलो.

आमच्या ९ जणींची गोष्ट आता पुरी करते. त्या ४ दिवस गेल्या. माझा एक दिवस सोडा, त्यांचे दिवस होतात ३६, रोज ५००, म्हणजे १८ हजार. ‘आठवड्यात टाकतो’ म्हणून सांगितलं होतं. महिना गेला. फोन लागला तर ‘वरून आले नाहीत’, नाहीतर लागतच नाही. शेवटी तो माणूस भेटला तेव्हा म्हणाला, तुमच्या गावच्या ६ जणीच होत्या. आता हे खोडायचं कसं? कागद नाही, सही नाही. तेव्हा सचिवाला आठवलं. तिने ते रजिस्टर आणलं. तारीख, ९ नावं, ‘शूटिंगला गेल्यामुळे गैरहजर’. गटाचा शिक्का. ज्या नोंदीबद्दल बायका तिच्यावर चिडल्या होत्या, तेवढाच आमच्याकडे लेखी पुरावा निघाला, आणि तोही एका दिवसाचा. आम्ही त्याचा फोटो काढून त्याला पाठवला.

त्याने ९ जणी मान्य केल्या. चौथा दिवस मात्र मान्य केला नाही. कारण चौथ्या दिवशी बायका सकाळी ६ पासून बसून होत्या आणि देखावा रद्द झाला. "त्या दिवशी तुम्ही काही केलंच नाही," असं म्हणाला. म्हणून ३ दिवसांचे साडेतेरा हजार, त्यातून स्वतःचं कमिशन अडीच हजार कापून ११ हजार दिले, तेही तीन हप्त्यांत. ७ हजार राहिले ते राहिलेच.

गटात यावर मोठं भांडण झालं. एक म्हणाली, मिळाले तेवढे पुष्कळ, पुढच्या वेळी बोलावणार नाही. दुसरी म्हणाली, नाही बोलावलं तर खुरपं कुठं गेलंय का? ज्या दोन म्हाताऱ्यांचे कासोटे सुटले होते त्यांतली एक शांतपणे बसली होती. ती म्हणाली, "मी त्या दिवशी माझी शेरडं दुसरीच्या दावणीला बांधून गेले होते. तिला ५० रुपये दिले. तिनं माझी शेरडं नुसती बघितलीच ना? काही केलं नाही तिनं. तरी दिलेच की मी."

त्यावर कुणी बोललं नाही.

आता गटाने एक वेगळी वही केली आहे. शाळेतली दुरेघी वही, वर ‘शूटिंग’ लिहिलंय. रकाने आम्हीच आखले: तारीख, नाव, टेम्पो किती वाजता निघाला, घरी किती वाजता आलो, कॅमेऱ्यापुढं किती, बसून किती, ठरलेले पैसे, मिळालेले पैसे, पुरवणाऱ्याची सही. शेवटच्या रकान्यासाठी मी हट्ट धरला होता. त्या जुन्या ४ दिवसांची नोंदही आठवून आठवून पहिल्या पानावर केली आहे. चौथ्या दिवसापुढं सचिवाने लिहिलंय, ‘बसून १३ तास’, आणि मिळालेल्या पैशांचा रकाना रिकामा ठेवलाय. रेघ मारलेली नाही.

मागच्या मंगळवारी दुसऱ्या एकाचा टेम्पो आला. ७ जणी गेल्या. या वेळी सचिवही गेली, वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून. संध्याकाळी त्या माणसाने सही करायला आधी नको म्हटलं, मग कशीबशी एक वळवळ केली. ती आमच्यातल्या कुणालाच वाचता आली नाही. तेव्हा त्या शेरडंवाल्या आजी पुढं झाल्या, वही त्याच्यापुढं परत धरली आणि म्हणाल्या, "बाबा, आम्ही अडाणी. जरा सुटं सुटं लिहून दे, आणि खाली फोन नंबर टाक."

त्याने लिहून दिलं.